छोटीशी प्रक्रिया आहे, असे मुलीला सांगू नका

प्रश्न : माझे वय ५७ आहे. गेल्या वर्षी मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाचे, निदान झाले. केमोला शरीराने चांगली साथ दिली; या रोगाच्या पेशी रक्तात सोडतात ते एम प्रोटीन आता जवळपास दिसत नाही, पाठीचे दुखणे थांबले आहे आणि मी घरातली कामे पुन्हा करू लागले आहे. अशा वेळी डॉक्टर स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे ऑटोलोगस स्टेम सेल ट्रान्सप्लांट, सुचवत आहेत. बरे वाटत असताना स्वतःला पुन्हा आजारी का पाडून घ्यायचे, हे मला उमगत नाही. दुसरे असे की, परगावी राहणारी माझी मुलगी रजा काढून येते म्हणते. रक्त चढवतात तशीच ही छोटीशी प्रक्रिया आहे, तू येऊ नकोस, असे मी तिला सांगितले आहे. यजमान हळवे आहेत, त्यांना हे बघवणार नाही. कुणालाही त्रास न देता हे एकटीने पार पाडायचे तर मी काय तयारी करावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. हे एकटीने पार पाडायचा विचार कृपा करून सोडून द्या. भरतीची तारीख देण्याआधी प्रत्यारोपण केंद्रातले लोक सोबत कोण राहणार हे आवर्जून विचारतात आणि त्यामागे वैद्यकीय कारण असते. घरी परतल्यावर पहिले काही आठवडे ताप मोजणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, पोटात पुरेसे पाणी जाते आहे की नाही ते पाहणे, रुग्ण नीट बोलतो आहे की असंबद्ध बोलू लागला आहे याकडे लक्ष ठेवणे आणि वेळ पडली तर अपरात्री रुग्णालय गाठणे, ही सगळी कामे कुणीतरी करावी लागतात. आणि ज्याची प्रकृती बिघडते आहे त्याला ती स्वतःची स्वतः करता येत नाहीत. मी या उपचारातून गेलेली आहे, आजारही हाच होता, आणि त्यानंतर कितीतरी रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलत आले आहे. घरच्यांना अंधारात ठेवल्यामुळे कुणाचा त्रास कमी झालेला मी पाहिला नाही. घरच्यांची धावपळ आणि घबराट मात्र त्यामुळे वाढलेली पाहिली आहे.

आता बरे वाटत असताना हे का करायचे, याकडे वळते. या उपचारात रोगावर घाव घालते ते मेल्फालान नावाचे औषध. ते शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला साधारण २०० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत दिले जाते. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडे अशक्त असतील तर १४० मिलिग्रॅमवर थांबतात. एवढी मात्रा मायलोमाच्या उरल्यासुरल्या पेशी तर मारतेच, पण त्याबरोबर रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही बंद पाडते. ब्रिटनमध्ये १९८३ साली टिमथी मॅकएल्वेन आणि रे पावल्स या डॉक्टरांनी मेल्फालानची मोठी मात्रा मूलपेशींच्या आधाराविना दिली, तेव्हा काही रुग्णांचा रोग पूर्ण मागे हटला. परंतु मज्जा सावरेपर्यंतचा काळ फार लांबला आणि त्या काळात जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकत होता. पुढे रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून, गोठवून ठेवून औषधानंतर परत देण्याची पद्धत रुळली आणि तो धोक्याचा काळ दोन आठवड्यांच्या आसपास आला. तुमच्या मूलपेशींचे काम एवढेच आहे, की औषधाने रिकामी केलेली मज्जा त्यांनी पुन्हा चालू करायची. हे लक्षात घेतले की वेळेचे गणितही उलगडते. रोग कमीत कमी उरलेला असतो तेव्हा औषधासमोरचे काम कमी असते, गोळा केलेल्या मूलपेशींत रोगाच्या पेशी मिसळण्याची शक्यता कमी असते आणि शरीरात मार सोसण्याइतकी ताकद असते. तुम्हाला आज बरे वाटते आहे, म्हणूनच डॉक्टरांनी हा विषय आज काढला आहे.

तरीही प्रत्यारोपण याच घडीला केले पाहिजे असा माझा आग्रह नाही, आणि तुम्हाला दुसरी बाजूही माहीत असायला हवी. डिटर्मिनेशन नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातील ७२२ रुग्णांना लेनालिडोमाइड, बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन ही तीन औषधे मिळाली. एका गटाचे त्यासोबत लगेच प्रत्यारोपण झाले, तर दुसऱ्या गटाच्या मूलपेशी साठवून प्रत्यारोपण पुढच्या काळासाठी राखून ठेवले गेले. रोग पुन्हा बळावण्याआधीचा मध्यक काळ पहिल्या गटात ६७.५ महिने आणि दुसऱ्या गटात ४६.२ महिने निघाला. परंतु सहा वर्षांहून अधिक पाठपुरावा केल्यानंतरही एकूण जगण्याच्या काळात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि तीव्र दुष्परिणाम प्रत्यारोपणाच्या गटात अधिक झाले. तेव्हा मूलपेशी आत्ता काढून ठेवाव्यात आणि त्यांचा उपयोग रोग उलटल्यावर करावा, हाही एक रास्त मार्ग आहे. तुमच्या रोगातील गुणसूत्रांचे बदल जास्त धोक्याच्या प्रकारात मोडतात का, हे डॉक्टरांना थेट विचारा. तसे असेल तर बहुतेक तज्ज्ञ प्रत्यारोपण लांबवू नये असे सांगतील. मायलोमा या उपचाराने सहसा कायमचा जात नाही, मिळतो तो रोगाविनाचा किंवा रोग दबलेला असा काळ. अंगात ताकद आहे तोवर हे उरकावे आणि तो काळ पदरात पाडून घ्यावा, असे मला वाटले होते. तुमचे मत वेगळे पडले तरी ते चुकीचे ठरत नाही. मात्र तुम्हाला मागे खेचणारे कारण घरच्यांना त्रास नको एवढेच असेल, तर त्या कारणावर निर्णय घेऊ नका.

प्रत्यक्षात काय होते, ते आता क्रमाने सांगते. मुलीला सांगतानाही याचा उपयोग होईल.

आधी काही दिवस त्वचेखाली इंजेक्शने देतात. त्यांच्यामुळे मज्जेतल्या मूलपेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर, मांड्या आणि छातीचे मधले हाड ठणकते. रोगाने उचल खाल्ली की काय अशी भीती वाटते, पण ही इंजेक्शनांची वेदना असते आणि ती थांबते. त्यानंतर एफेरेसिसच्या यंत्रावर काही तास पडून राहायचे. रक्त एका नळीतून यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या काढल्या जातात आणि बाकीचे रक्त दुसऱ्या नळीने परत येते. एका दिवसात पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत तर दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या दिवशीही बसावे लागते. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात वापरतात त्या सायट्रेटमुळे रक्तातले कॅल्शियम उतरते आणि ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हे सोसत बसू नका, लगेच नर्सला सांगा. कॅल्शियम दिले की मुंग्या थांबतात. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख मूलपेशी हव्या असतात, आणि पुढे कधी दुसऱ्यांदा गरज पडेल या हिशेबाने अनेकदा त्याहून जास्त साठवतात.

मेल्फालान शिरेतून जायला फार वेळ लागत नाही. ते सुरू होण्याच्या थोडे आधीपासून संपल्यानंतरही काही वेळ तोंडात बर्फाचे खडे घोळवत ठेवायला सांगतात. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोहोचते आणि पुढे तोंड सोलवटण्याचा त्रास बराच कमी होतो. थोड्या वेळाने जीभ बधिर होते, दात शिवशिवतात, जबडा दुखू लागतो आणि पुरे झाले असे वाटते. तिथे थांबू नका. या साऱ्या उपचारात रुग्णाला स्वतःच्या हाताने करता येण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, आणि त्यांतली ही सर्वांत उपयोगाची.

एक-दोन दिवसांनी मूलपेशी परत देतात. त्याला शून्य दिवस म्हणतात आणि पुढचे सारे दिवस त्यापासून मोजतात. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून आणलेली चपटी, कडक पिशवी खाटेजवळच कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवतात. पिशवीवरचे नाव आणि क्रमांक दोघेजण मोठ्याने वाचून तुमच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहतात. मग ती सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीला, जोडतात आणि फिकट लालसर द्रव काही मिनिटांत आत जातो. मुलीला तुम्ही सांगितलेत ते या काही मिनिटांपुरते खरेच आहे. रक्त चढवताना दिसते त्याहून वेगळे फारसे काही दिसत नाही. घसा खवखवणे, मळमळ, चेहऱ्यावर उष्णता जाणवणे असे होऊ शकते. पेशी गोठवताना वापरलेले डीएमएसओ हे रसायन श्वासावाटे बाहेर पडते, त्यामुळे खोलीत दिवस-दोन दिवस लसणासारखा उग्र वास राहतो. रुग्णाला तो फारसा जाणवत नाही, दारातून आत येणाऱ्याला मात्र लगेच येतो. यजमानांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना भलतीच शंका येणार नाही.

कठीण काळ यानंतर सुरू होतो, आणि पहिले काही दिवस बरे गेल्यामुळे तो अनेकांना बेसावध गाठतो. पहिला आठवडा संपण्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला जातात. जुलाब, मळमळ, तोंडात आणि घशात जखमा, अन्नाचा घास समोर धरवत नाही अशी अवस्था, आणि बहुतेकांना ताप. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की रक्ताचे नमुने घेऊन लगेच प्रतिजैविके सुरू करतात. अशा वेळी खोलीत अचानक धावपळ होते, पण ती ठरलेल्या शिस्तीतली असते. प्लेटलेट आणि लाल रक्त बाहेरून देतात. गिळताना फार दुखत असेल तर मॉर्फिनसारखी औषधे देतात आणि ती घेण्यात कमीपणा मानू नये. केस साधारण याच सुमारास किंवा थोडे नंतर गळतात. या दिवसांत माझे वाचन, गाणी, फोन सगळे बाजूला पडले होते. भिंतीवरच्या फळ्यावर नर्स रोज सकाळी काउंटचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या संख्येचे, आकडे लिहीत असे, आणि तेवढेच काय ते मी वाचत असे. कित्येक दिवस तिथे जवळपास शून्यच दिसते. मग दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास एका सकाळी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किंचित वर आलेले दिसतात. ते सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असे मानतात, आणि त्यानंतर तोंडाच्या जखमा आश्चर्य वाटावे इतक्या झपाट्याने भरून येतात.

धोक्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मायलोमासाठी स्वतःच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करताना, अनुभवी केंद्रांत, पहिल्या शंभर दिवसांत उपचारामुळेच मृत्यू ओढवण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन इतके असते. दुसऱ्याच्या मूलपेशी घेण्याच्या प्रत्यारोपणात ते बरेच अधिक असते; तिथे दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका असतो, जो तुमच्या बाबतीत नाही. नातेवाइकांच्या ऐकीव गोष्टींत या दोन प्रकारांची हमखास सरमिसळ होते. पुढच्या वेळी कुणी घाबरवणारी हकिगत सांगितली तर पेशी कुणाच्या होत्या, हे आधी विचारा.

आता मुलीबद्दल. तिने यावे, पण केव्हा यावे हे नीट ठरवा, कारण रजा मोजकी असते आणि बहुतेक कुटुंबे ती चुकीच्या दिवसांत खर्च करतात. भरतीच्या वेळी सगळे धावत येतात. वास्तविक रुग्णालयात चोवीस तास नर्स असतात, भेटींवर निर्बंध असतात आणि सर्वांत वाईट दिवसांत रुग्णाला बोलण्याचीही इच्छा नसते. माणसाची खरी गरज घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत लागते. काउंट वर आलेले असतात, अहवाल चांगले असतात, लोक अभिनंदन करतात, आणि तुम्हाला अंघोळ करून आल्यावर अर्धा तास पडून राहावे लागते. चव गेलेली असते, भूक नसते, वाचलेले पान लक्षात राहत नाही. हा थकवा पुढे कित्येक महिने टिकू शकतो. तीन ते सहा महिने धरून चालावे, काहींना त्याहून जास्त लागतात. आई रुग्णालयातून आली म्हणजे बरी झाली, असा घरच्यांचा समज असतो, आणि त्यांना आधी कुणी सांगितले नसेल तर ते चिडतात, नाही तर धास्तावतात. तुमच्या मुलीला एवढे सांगावे असे मला वाटते : मी तुला छोटी प्रक्रिया आहे म्हणून सांगितले, ते तुझी काळजी वाटून सांगितले होते, उपचार मोठा आहे, दोन-तीन आठवडे मी फार आजारी दिसेन, ते अपेक्षित आहे, आणि मला तुझी गरज मी घरी येईन तेव्हा जास्त आहे. भरतीपूर्वी डॉक्टर सगळे समजावून सांगतात त्या बैठकीला तिला फोनवरून तरी हजर ठेवा, म्हणजे तुम्ही काय लपवता आहात याचा अंदाज करत बसायची वेळ तिच्यावर येणार नाही.

यजमान हळवे आहेत, असे तुम्ही लिहिता. त्यांना काय बघवेल आणि काय नाही, हे त्यांच्या वतीने ठरवू नका. हळव्या माणसाला नेमके काम दिले की तो बहुधा खंबीर उभा राहतो. ज्याला काहीच सांगितलेले नसते तो दाराबाहेर येरझाऱ्या घालत खचतो. ताप मोजून वहीत लिहिणे, औषधांचा तक्ता ठेवणे, ३८ अंशांच्या वर ताप गेला तर कुठला क्रमांक फिरवायचा ते पाठ असणे, हे त्यांच्याकडे सोपवा. आधी तापाची गोळी देऊन बघू, असे त्यांनी कधीही करू नये, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि संसर्ग वाढत राहतो. घरातल्या सर्वांनी फ्लूची लस आधीच घेऊन ठेवावी. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने, मग तो कितीही जवळचा असो, खोलीत येऊ नये. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नाही म्हणण्याचे कामही यजमानांचेच. तुमच्याने ते होणार नाही, हे तुमच्या पत्रावरून मला दिसते आहे.

मनाच्या बाबतीत एक गोष्ट अवश्य करा. भरतीच्या वेळीच पॅलिएटिव्ह, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या, विभागाच्या डॉक्टरांची भेट मागून घ्या. हा विभाग केवळ अखेरच्या दिवसांसाठी असतो या समजुतीने लोक त्याचे नावही काढत नाहीत, आणि त्यात रुग्णांचे नुकसान होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रत्यारोपणासाठी भरती झालेले १६० रुग्ण होते. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही सेवा मिळाली, त्यांच्या जगण्याची प्रत त्या कठीण दिवसांत कमी घसरली आणि तीन महिन्यांनंतरही त्यांच्यात नैराश्य कमी आढळले. सोबत राहणाऱ्यांमध्येही नैराश्याची लक्षणे कमी होती. वेदना, मळमळ, झोप आणि भीती यांकडेच पाहणारे कुणीतरी तुमच्या खाटेपाशी रोज आले, तर तो तुमचा हक्क समजा. घरी आल्यावर सारे ठीक असताना रडू येते, कशातच मन लागत नाही, असे झाले तरी त्याच डॉक्टरांना सांगा.

पुढचे थोडक्यात. शंभराव्या दिवसाच्या सुमारास रक्त आणि मज्जा तपासून रोग कितपत हटला ते पाहतात. बहुतेकांना त्यानंतर लेनालिडोमाइडसारखे औषध कमी मात्रेत दीर्घकाळ घ्यावे लागते. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोविर बरेच महिने चालते. ते कंटाळून सोडू नका. लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षण या उपचारात बरेचसे पुसले जाते, म्हणून सहा ते बारा महिन्यांनंतर लसी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसींसाठी किमान दोन वर्षे थांबतात.

राहिली ती तयारी, जी तुम्ही विचारली होती. प्रत्यारोपणाचा निर्णय झाला तर भरतीपूर्वी दातांची तपासणी करून घ्या. एरवी गप्प असलेली किडकी दाढ किंवा सुजलेली हिरडी पांढऱ्या पेशी शून्यावर असताना रक्तात जंतू सोडू शकते. मायलोमात हाडांसाठी झोलेड्रोनिक आम्लाची इंजेक्शने देतात. तुम्हालाही दिली असतील तर दंतवैद्यांना ते आवर्जून सांगा, कारण अशा वेळी दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो आणि दात काढायचा की वाचवायचा हे त्यांना तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागेल. जखम भरायला वेळ लागतो, म्हणून ही भेट याच आठवड्यात ठरवा, आणि जाताना यजमानांना सोबत न्या.